दौलत गेली, खासगी उरली : इंदूरच्या मुक्कामाची एक आखणी

महाराष्ट्राबाहेरील मराठी वस्तीची नावे घेताना बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर, तंजावर अशी माळ आपण एका दमात ओवतो. त्यांतील इंदूरला प्रत्यक्ष जाणारा मराठी प्रवासी मात्र बहुधा उज्जैन आणि ओंकारेश्वर या दोन ज्योतिर्लिंगांच्या मधली एक रात्र तेथे काढतो. सकाळी पोहे-जिलेबी खातो, राजवाड्यासमोर छायाचित्र काढतो आणि ‘शहर फार स्वच्छ आहे हो’ एवढा अभिप्राय घेऊन घरी येतो. शहर स्वच्छ आहेच. पण ज्याला भाषेचा इतिहास पायी हिंडून वाचायचा आहे, त्याने इंदूरला किमान चार दिवस द्यावेत. त्या चार दिवसांची आखणी या लेखात मांडतो. तिचे सूत्र होळकरांच्या दफ्तरातूनच उचलले आहे.

होळकरांच्या राज्यात उत्पन्नाचे दोन भाग मानले जात : दौलत आणि खासगी. दौलत म्हणजे राज्याचा महसूल, फौजेचा आणि कारभाराचा पैसा. खासगी म्हणजे राणीच्या नावे असलेले स्वतंत्र उत्पन्न. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर लावून दिली. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून सोमनाथपर्यंत त्यांनी उभारलेली देवळे, घाट, धर्मशाळा आणि विहिरी यांचा खर्च या खासगीतून झाला, दौलतीतून नव्हे, असे परंपरा सांगते. स्त्रीच्या स्वतंत्र मालमत्तेची इतकी ठळक व्यवस्था अठराव्या शतकात आढळावी, ही गोष्ट निदान माझ्यासारख्या वकिलाला तरी थबकायला लावते.

१९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि दौलत संपली. खासगी मात्र उरली, तीही नावासकट. १९६२ मध्ये तिच्या धर्मादायांसाठी खासगी (देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज) ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या मालमत्तांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २१ जुलै २०२२ रोजी न्यायालयाने हा न्यास मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ च्या कक्षेत येतो, असे ठरवले. निकालाच्या गुणदोषांत येथे शिरत नाही. माझे लक्ष त्याच्या शीर्षकावर आहे. ‘खासगी’ हा शब्द मुळात अरबी-फारसी ‘खास’वरून आलेला, पण मराठीत मुरलेला. आज तो देशाच्या इंग्रजी निवाडासंग्रहात छापला गेला आहे आणि त्याचे भाषांतर करण्याची गरज कोणाला वाटलेली नाही.

इंदूरच्या मराठीचेही मला असेच झालेले दिसते. तिची दौलत गेली. एके काळी मोडी लिपीतील मराठीत चालणारा कारभार पुढे हिंदी-इंग्रजीकडे वळला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला, आणि आपल्या सीमाभागाची फाळणी झाली तीही याच तारखेला. आपल्याकडे त्या तारखेने लढा उभा केला. इंदुरात तसे काही झाले नाही, होण्याजोगे कारणही नव्हते. तेथील मराठी दरबारातून निघून स्वयंपाकघरात, सणांत, नाटकात आणि आडनावांत राहायला गेली. म्हणून प्रवाशाने तिला शोधायचे ते खासगीच्या दालनात.

मुक्काम राजवाड्याजवळ न करता भंवरकुआंला करावा, असे मी सुचवीन. आग्रा-मुंबई रस्त्यावरचा हा चौक आज शिकवणी वर्ग, वसतिगृहे आणि खाणावळींनी गजबजलेला असतो. राज्यभरातून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुले येथे राहतात, त्यामुळे पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वस्त आणि ताजे खायला मिळते. नावाची फोड करून पाहावी. ‘भंवर’ म्हणजे आपला भोवरा. दोन्ही शब्द संस्कृत ‘भ्रमर’पासून निघाले आणि ‘भोवळ’ही त्याच घरची. ‘कुआं’ हा ‘कूप’चा वंशज. मराठीने रोजच्या वापरात ‘विहीर’ आणि ‘आड’ धरले आणि ‘कूप’ सोडला, तो थेट सरकारी ‘कूपनलिके’तून परत आला. २०२१ मध्ये या चौकाला टंट्या भिल्लाचे नाव देण्याची घोषणा झाली. निमाडात इंग्रजांना जेरीस आणणाऱ्या या माणसाला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपुरात फाशी दिले गेले. रिक्षावाला मात्र अजून ‘भंवरकुआं’च म्हणतो. गावांच्या नावांवरून न्यायालये आणि विधिमंडळे झडलेली पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे दृश्य परिचयाचे वाटेल.

चौकाजवळच १८९१ मध्ये शिवाजीराव होळकरांच्या काळात सुरू झालेले होळकर महाविद्यालय आहे, आणि खंडवा रस्त्यावर देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा परिसर. विद्यापीठ १९६४ चे. अहिल्याबाईंचे नाव त्याला १९८८ मध्ये मिळाले. सानंद न्यास ही संस्था इंदुरात मराठी नाटकांचे प्रयोग वर्षानुवर्षे भरवीत आली आहे. प्रयोग सभासदांसाठी असतात, म्हणून आधी चौकशी करावी. पण एखादा पाहता आला तर मध्यंतरात नाटकापेक्षा प्रेक्षकांकडे अधिक लक्ष द्यावे. चहाच्या रांगेत ‘मी येऊन राहिलो’, ‘तो सांगून राहिला’ असे बोलणे कानी पडेल. हिंदीच्या ‘आ रहा हूँ’चे हे वळण नागपूरकडेही आहे. पुण्याचा पाहुणा ते ऐकून ओठ मुडपतो. बेळगावच्या माणसाने तसे करू नये. आपण ‘काय करूलायस?’ म्हणतो, तेव्हा कानडीचा शेजार आपल्याही क्रियापदात बोलतो. शेजाऱ्याकडून चालू काळ उसना घेणारी भाषा मेलेली नसते, ती व्यवहारात असते.

पहिल्या दिवशी सकाळी पोहे खावेत. आपल्या कांदेपोह्यांची आणि इंदुरी पोह्यांची तुलना केल्याशिवाय कोणी मराठी माणूस तेथून परतत नाही. तेथील पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून वाफेवर गरम राखतात. त्यांत बडीशेप असते, किंचित गोडवा असतो, वर शेव, डाळिंबाचे दाणे आणि जीरावन हा जिऱ्याच्या अंगाचा आंबट-तिखट मसाला असतो. सोबत जिलेबी. मराठ्यांबरोबर पोहे माळव्यात आले, असे तेथील लोक मोठ्या आनंदाने सांगतात. कागदाचा पुरावा मागण्याची माझी सवय मी अशा वेळी आवरतो. साबुदाण्याच्या खिचडीचेही तेच : आपण ती तुपात परततो, ते भिजवलेला साबुदाणा वाफवून वर कोरडे मसाले आणि फराळी चिवडा घालतात. उपवास मराठी, चव माळवी.

नंतर राजवाडा. सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. आतमध्ये मल्हारी मार्तंडाचे देऊळ. जेजुरीजवळच्या होळ गावचे घराणे खंडोबाला विसरले नाही. हा वाडा अनेकदा जळाला, शेवटची मोठी आग १९८४ च्या दंगलीतली. त्याआधीच्या एका आगीची कथा मात्र मार्गदर्शक घाईने उरकतात, आणि आपणही. १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले आणि जाळले. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांच्या पदराखाली गेला. म्हणजे राजवाड्याच्या जळक्या लाकडापासून पेशवाईच्या अस्तापर्यंतचे अंतर चौदा-पंधरा महिन्यांचे. मराठी शहर मराठ्यांनी जाळले आणि त्याची किंमत सगळ्यांनी मोजली. त्या दर्शनी कमानीखाली उभे राहून एवढे तरी आठवावे. १८१७ मध्ये महिदपूरची लढाई हरल्यावर मंदसोरचा तह झाला आणि इंदूर होळकरांची राजधानी बनले. आज दिसणारे बहुतेक वैभव पराभवानंतरचे आहे. लालबाग राजवाडा त्याचे उदाहरण. तो सावकाश पाहण्याची हौस असलेल्यांनी पाहावा, मला तो फारसा बोलका वाटत नाही.

रात्री सराफा. दिवसभर सोन्याचांदीची उलाढाल करणारी ही पेठ दुकाने मिटल्यावर खाद्यपेठ होते आणि मध्यरात्रीनंतरही जागी असते. थंडीत गेल्यास गराडू मिळेल. हा एक कंद, तळून वर मसाला आणि लिंबू. खोपऱ्याची पॅटिस, दहीवडे, आणि ‘शिकंजी’ नावाचे पेय, जे लिंबूसरबत नसून दुधाचे घट्ट, सुक्या मेव्याचे प्रकरण आहे. पण भाषेच्या अभ्यासकाने थांबावे ते ‘भुट्टे का कीस’ विकणाऱ्यापाशी. मक्याचे कोवळे कणीस किसून, दुधात शिजवून केलेला हा पदार्थ. पहिला शब्द हिंदी, विभक्ती हिंदी, आणि शेवटी आपल्या किसणीवरून पडलेला ‘कीस’. तो मराठीने माळवीला दिला की दोघींनी मिळून वापरला, याचा कीस मी काढणार नाही. दुपारच्या जेवणातले बाफलेही असेच : कणकेचे गोळे आधी पाण्यात उकळायचे, मग भाजायचे आणि तुपात बुडवायचे. गुजरातीत ‘बाफवुं’ म्हणजे उकडणे. आपली ‘वाफ’ त्यांची सख्खी बहीण.

दुसऱ्या दिवशी दोन साहित्यसंमेलनांच्या आठवणीसाठी अर्धा दिवस राखावा. १९१७ मध्ये इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष गणेश जनार्दन आगाशे. पुढच्याच वर्षी तेथेच हिंदी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष मोहनदास करमचंद गांधी. दक्षिणेतील हिंदी प्रचाराच्या कामाला येथूनच चालना मिळाली. याच वेळी गांधीजींनी ज्या मध्य भारत हिंदी साहित्य समितीच्या इमारतीची कोनशिला बसवली, ती संस्था आजही आहे. १९३५ मध्ये पुन्हा तोच योग : हिंदी संमेलनाचे अध्यक्ष पुन्हा गांधीजी, आणि त्याच वर्षी त्याच शहरात मराठी संमेलनाचे अध्यक्ष औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. एका शहराने अठरा वर्षांत दोनदा दोन्ही भाषांचे यजमानपद केले. २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली मराठी संमेलन तेथे पुन्हा भरले, तोवर यजमान भाषा कोणती आणि पाहुणी कोणती, हे स्पष्ट झालेले होते. मला बोचते ते निराळेच. इंदुरात भेटणाऱ्या मराठी घरांत आजी मराठी वाचते, मुलगा बोलतो, नातवाला फक्त कळते. या उतरंडीवर कोणतेही न्यायालय इलाज सांगू शकत नाही. घटनेतील अनुच्छेद ३५०अ राज्यांना अल्पसंख्य भाषिक मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची मातृभाषेतून सोय करण्याचा प्रयत्न करायला सांगते, पण मागणाराच नसेल तर सोय कोणासाठी?

तिसऱ्या दिवशी दक्षिणेकडे. भंवरकुआंहून आग्रा-मुंबई रस्त्याने महू तासाभराच्या आत येते. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकर येथे जन्मले. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार. माळव्यातील मराठी म्हणजे केवळ सरदारांचे वाडे, हा समज या छावणीत गळून पडतो. फौजेबरोबर आलेल्या साध्या घरांतही मराठी बोलली जात होती, आणि त्यांतल्याच एका घरातून राज्यघटनेचा शिल्पकार निघाला. जन्मस्थळी स्मारक आहे. तेथून पुढे महेश्वर, इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटर. संध्याकाळी नर्मदेच्या घाटावर बसावे. साडीचे माग पाहावेत. शाहीर अनंत फंदी अहिल्याबाईंच्या सांगण्यावरून लावणी सोडून कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. संगमनेरच्या शाहिराला महेश्वरी आपले श्रोते मिळत होते, एवढे तरी तीतून कळते.

केव्हा जावे? गराडूसाठी थंडी चांगली, पण माझे मत रंगपंचमीला. उत्तरेत होळीच्या दुसऱ्या दिवशी रंग संपतो. इंदूर मात्र पंचमीपर्यंत थांबते आणि त्या दिवशी राजवाड्याच्या परिसरातून ‘गेर’ नावाची प्रचंड मिरवणूक निघते. अनंत चतुर्दशीलाही गिरणी कामगारांनी रुजवलेली झाँक्यांची मिरवणूक असते. गिरण्या बंद पडल्या, चित्ररथ निघतच राहिले. लोकांची बोली हिंदी झाली, तिथी मात्र आपलीच राहिली.

चौथा दिवस देवासचा, इंदूरहून पस्तीस-चाळीस किलोमीटर. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीत वाटलेले हे छोटे गाव. थोरल्या पातीच्या महाराजांकडे ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये खासगी चिटणीस होते. पुन्हा ‘खासगी’. पण आपल्या वाचकांनी जावे ते टेकडीच्या पायथ्याच्या ‘भानुकुल’ या घराकडे. बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ क्षयाने आजारी पडल्यावर १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी देवासला आले आणि १२ जानेवारी १९९२ पर्यंत तेथेच राहिले. जग त्यांना कुमार गंधर्व म्हणते. घरची भाषा कानडी. अंथरुणाला खिळलेले असताना कानावर पडलेल्या माळवी लोकधुना त्यांनी रागदारीत आणल्या. कबीर गायला तो हिंदीत. आणि मध्य भारतात हयात घालवलेल्या भा. रा. तांब्यांच्या कवितांचा स्वतंत्र कार्यक्रम केला, तो मराठीत. त्यांची मातृभाषा आणि गाण्याची भाषा यांत भांडण लावून देण्याचा प्रयत्न सुळेभावीत कोणी केला तर तो हसण्यावारी जाईल. देवासात तर तो प्रश्नच कोणाला सुचत नाही. परतीची गाडी रात्रीची असेल, तर दुपार तेथे काढायला भरपूर वेळ मिळतो. जीरावनाची पुडी इंदूर स्थानकाबाहेरही मिळते.