सॅक्सोफोनची पत्ती

सॅक्सोफोन पाहणारास तें तुतारीच्या घराण्यांतलें वाद्य वाटतें. अंग पितळेचें, तोंड कर्ण्यासारखें. तथापि त्याचें जवळचें नातें क्लॅरिनेटशीं आणि दूरचें सनईशीं आहे. सनईंत दोन पत्त्या एकमेकींवर कंप पावतात. सॅक्सोफोनांत मुखनळीवर बसविलेली एकच पत्ती फुंकरीनें थरथरते आणि नळींतील हवा घुमूं लागते. ही पत्ती गवताची असते.

अ‍ॅडॉल्फ सॅक्स याचा जन्म १८१४ सालीं बेल्जममधील दीनां गांवीं, वाद्यें करणाऱ्या घरांत झाला. १८४२ सालीं तो पॅरिसला आला आणि १८४६ सालीं त्यानें सॅक्सोफोनचें पेटंट घेतलें. प्रतिस्पर्धी कारखानदारांनीं कोर्टकचेऱ्या करून त्यास जेरीस आणलें, त्याचें दिवाळें वाजलें, आणि १८९४ सालीं तो निवर्तला. नळीचा घेर, चाव्यांची मांडणी हें सारें त्याच्या हिशेबांत बसलें होतें. सूर जिच्यापासून उपजतो ती पत्ती मात्र त्यास शेतकऱ्याकडूनच घ्यावी लागली.

हें गवत बोरूसारखें पोकळ, पेरांपेरांचें व उंच असतें. त्याचें शास्त्रीय नांव अरुंडो डोनॅक्स. दक्षिण फ्रान्समधील भूमध्य समुद्राकांठचा व्हार प्रांत त्यासाठीं नांवाजलेला आहे. सुमारें दोन वर्षांचे दांडे हिवाळ्यांत तोडून वाळवितात व उन्हांत ठेवून त्यांस सोनेरी रंग चढूं देतात. मग पेरें चिरून पत्त्या तासतात. टोंकाशीं पत्तीची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उरते. १९४० सालीं फ्रान्सचा पाडाव झाला, तेव्हां अमेरिकेंतील वादकांस या पत्त्यांचें दुर्भिक्ष जाणवलें. एका प्रांतांतील गवतावर केवढा व्यवहार उभा होता, हें तेव्हां कळून आलें.

पत्तीवर छापलेला आंकडा तिचा कणखरपणा सांगतो. आंकडा मोठा म्हणजे पत्ती जाड, असा समज आहे. तो खरा नव्हे. एकाच जातीच्या पत्त्या सारख्याच तासलेल्या असतात. त्या किती वांकतात हें मोजून त्यांस आंकडे देतात. नवशिक्यानें दोन अथवा अडीचपासून आरंभ करावा. पत्ती उजेडाकडे धरून पाहावी. मधला दाट भाग दोन्ही बाजूंस सारखा उतरलेला आणि तंतू सरळ असावेत.

निवडीइतकीच निगा महत्त्वाची. वाजविण्यापूर्वीं पत्ती ओली करावी. नवी पत्ती पहिले कांहीं दिवस थोडा वेळच वाजवावी. वाजवून झाल्यावर ती मुखनळीवर तशीच राहूं देऊं नये. स्वच्छ पाण्यानें धुवून, पुसून, सपाट कांचेवर अथवा डबींत ठेवावी. ओलसर राहिलेली पत्ती वांकते आणि तिला बुरशी धरते. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यांत तर याविषयीं अधिकच दक्षता हवी. तीन-चार पत्त्या आळीपाळीनें वापरल्यास प्रत्येकीस विसांवा मिळतो.

आतां कृत्रिम पत्त्याही निघाल्या आहेत. त्या भिजवाव्या लागत नाहींत व दीर्घकाळ टिकतात. तरी अनेक निष्णात वादक गवताचीच पत्ती पसंत करतात. ती अल्पायुषी असते, रोज थोडी बदलते, आणि तिच्याशीं जमवून घेणें हाही वादनाभ्यासाचाच एक भाग होय. सॅक्सनें पितळ आपल्या इच्छेप्रमाणें वळविलें. गवताला मात्र दर पिढींतील वादकास नव्यानें ओळखावें लागतें.