तोट्याच्या वर्षातला सण

धंदा मंदावला की सर्वांत आधी कोणता खर्च कापला जातो? बहुधा दिवाळीची मिठाई, फराळ आणि कर्मचाऱ्यांचे स्नेहभोजन. रक्कम लहान असते आणि त्यावाचून यंत्रे थांबत नाहीत. पण हा खर्च खरोखर किरकोळ आहे का? याचे उत्तर शोधताना बोनसचा इतिहास उपयोगी पडतो. बोनस म्हणजे मेजवानी नव्हे. पण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. ही मालकाची मेहेरबानी, की सर्वांनी गृहीत धरलेला रिवाज?

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या कापड गिरण्यांना भरघोस नफा झाला. १९१९ ते १९२२ या वर्षांसाठी कामगारांना दरवर्षी एका महिन्याच्या पगाराएवढा बोनस मिळाला. मग तेजी ओसरली आणि १९२३ साली मालकांनी जाहीर केले, की यंदा बोनस नाही. मालकांच्या लेखी ती बक्षिसी होती. कामगारांनी मात्र ती वर्षाच्या हिशेबात धरली होती. जानेवारी १९२४ मध्ये संप झाला आणि दीड लाखाच्या आसपास कामगार मार्चपर्यंत बाहेर राहिले. मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीने कामगारांचा हक्क मान्य केला नाही. संप मोडला, प्रश्न मात्र उरला.

आता बंगालकडे वळू. तिथे दुर्गापूजेच्या वेळी बोनस देण्याची प्रथा होती. तो हक्क केव्हा ठरतो, याच्या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली सांगितल्या. तो बराच काळ अखंड दिलेला असावा, त्याचा दर एकसारखा असावा आणि तोट्याच्या वर्षीही तो दिलेला असावा. शेवटची कसोटी नीट लक्षात घ्या. नफ्यात कोणीही वाटतो. नाते आहे की नाही, हे तोट्याच्या वर्षी कळते.

१९६५ च्या बोनस कायद्याने किमान बोनस तोट्यातही बंधनकारक केला. सुरुवातीला ४ टक्के असलेला हा दर पुढे ८.३३ टक्के झाला. भागाकार करून पाहा: वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिना. १९२४ चे मागणे नेमके तेवढेच होते.

आमच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला लेथला झेंडूची माळ घालतात आणि सर्वांना पेढा मिळतो. एका वर्षी पगार लांबले होते. तरीही शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे जमले. पेढ्याने पगाराची भरपाई झाली नाही. तशी ती होतही नसते. पण आपल्याला अजून मोजतात, एवढे प्रत्येकाला दिसले.

उद्या तुम्ही एखादा विभाग सांभाळाल. मंदीत मेजवानी साधी करा, हवे तर चहा-चिवड्यावर भागवा. पण थकलेला पगार झाकण्यासाठी ती करू नका, आणि पैसे वाचवण्यासाठी ती गाळूही नका.

विचार करा: तुमच्या संस्थेतील कोणती प्रथा तोट्याच्या वर्षीही टिकली आहे?