उष्णतारोधक लेप : उष्णतावहनाचे मोजमाप

कार्डिफच्या उत्तरेस नँटगारू येथे विमानांची इंजिने दुरुस्त करणारा मोठा कारखाना आहे. ब्रिटिश एअरवेजचा हा कारखाना १९९१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने घेतला. बोइंग ७७७ विमानांची जीई-९० इंजिने येथे येतात. एअर इंडियाची याच जातीची विमानेही ह्याच इंजिनांवर उडतात. या इंजिनांच्या टर्बाइनमधील वायूंचे तापमान पात्यांच्या निकेल मिश्रधातूच्या वितळणबिंदूपेक्षाही अधिक असते. आतून खेळवलेली थंड हवा आणि वरचा सिरॅमिकचा लेप, या दोहोंमुळे धातू तग धरतो.

लेपाची घडण

हा लेप प्रामुख्याने झिर्कोनियाचा असतो. त्यात वजनाने ७ ते ८ टक्के यट्रिया मिसळतात. जाडी साधारणतः १०० ते ५०० मायक्रॉन. प्लाझ्माच्या फवाऱ्याने दिलेल्या लेपात आडव्या भेगा राहतात व त्या उष्णतेची वाट अडवतात. त्याची उष्णतावाहकता प्रतिमीटर प्रतिकेल्विन सुमारे १ वॉट असते. इलेक्ट्रॉन शलाकेने वाफ करून चढवलेला लेप उभ्या स्तंभांचा असतो. त्यातून उष्णता अधिक वाहते, पण धातूच्या प्रसरण-आकुंचनाचा ताण तो चांगला सोसतो.

मोजमापाची रीत

१९६१ मध्ये अमेरिकेत पार्कर, जेंकिन्स, बटलर व ॲबट यांनी मांडलेली ‘फ्लॅश’ पद्धत आजही प्रचलित आहे. चकतीच्या एका बाजूवर प्रकाशाचा क्षणिक झोत टाकतात आणि दुसऱ्या बाजूचे तापमान कमाल वाढीच्या निम्म्यावर येण्यास लागलेला वेळ नोंदवतात. जाडीच्या वर्गाला या वेळेने भागून ०.१३८८ ने गुणले की उष्णताविसरणाचा दर मिळतो. त्यास घनता व विशिष्ट उष्णता यांनी गुणल्यास वाहकता मिळते. जाडीचा वर्ग होत असल्याने तिच्या मापातील ५ टक्क्यांची चूक उत्तरात सुमारे १० टक्क्यांची होते. झिर्कोनिया अर्धपारदर्शक असल्याने प्रकाश आरपार जाऊ नये म्हणून चकतीवर ग्रॅफाइट किंवा धातूचा थर देतात.

जुन्या लेपाचा प्रश्न

नव्या लेपाचा आकडा कायम टिकत नाही. दीर्घकाळ तापल्यावर सूक्ष्म भेगा बुजतात व वाहकता वाढते. सुमारे १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे हवेतील वाळू व धूळ वितळून लेपात मुरते आणि तो ताठर होऊन सुटू लागतो. म्हणून नमुने भट्टीत दीर्घकाळ तापवून पुन्हा मोजतात. पात्याचे आयुष्य ठरवताना हाच दुसरा आकडा निर्णायक ठरतो.