जन्मदात्याचा शोध

जन्मदात्याचा शोध (दातृबीजजन्य संततीचा) : पतीखेरीज अन्य पुरुषाच्या वीर्याने, समागमावाचून आणि वैद्याच्या हातून झालेल्या गर्भधारणेतून जन्मलेल्या व्यक्तीने, जाणत्या वयात आपल्या जनकाचे नाव, कूळ व प्रकृती यांविषयी चालविलेला तपास. मराठीत ‘जन्मदाता’ म्हणजे बाप; ज्याने केवळ दान केले आणि दानाबरोबरच संबंधही सोडून दिला अशा पुरुषालाही हाच शब्द अक्षरशः लागू पडावा, हा भाषेतील योगायोग मोठा मार्मिक आहे. प्रस्तुत नोंदीत वीर्यदात्यास ‘जनक’ आणि ज्याने वाढविले त्यास ‘वडील’ म्हटले आहे. शोध घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण स्वतःही हा भेद कटाक्षाने पाळतात. त्यांना दुसरे वडील नको असतात. हवा असतो तो दप्तरातला एक कागद, आणि या शोधाचा इतिहास हा पुष्कळ अंशी त्या कागदाचाच इतिहास आहे.

पहिल्या ज्ञात प्रकरणात तसा कागद केलाच गेला नव्हता. फिलाडेल्फिया येथील जेफर्सन वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक विल्यम पॅन्कोस्ट यांनी १८८४ मध्ये एका क्वेकरपंथीय धनिक व्यापाऱ्याच्या पत्नीस तपासणीच्या मिषाने क्लोरोफॉर्म देऊन, जमलेल्या विद्यार्थ्यांपैकी जो सर्वांत देखणा ठरला त्याच्या वीर्याचे सेचन केले. गर्भ राहिल्यावर पतीस खरी हकीकत सांगण्यात आली, तेव्हा पत्नीस मात्र ती कधीही कळू नये एवढीच विनंती त्याने केली. ही गोष्ट पंचवीस वर्षे बाहेर फुटली नाही. १९०९ मध्ये ॲडिसन डेव्हिस हार्ड या डॉक्टरने, जो त्या विद्यार्थ्यांपैकीच एक होता, ‘मेडिकल वर्ल्ड’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली आणि सोबत हेही नमूद केले की तो मुलगा आता न्यूयॉर्कमध्ये व्यापार करीत असून आपण त्याच्याशी हस्तांदोलन करून आलो आहो. त्या तरुणाचा हात ज्याने हातात घेतला त्याला सर्व ठाऊक होते. ज्याचा हात घेतला त्याला काहीही नव्हते. या विषयाची पुढील शंभर वर्षांची तऱ्हा त्या एका प्रसंगात येऊन गेली आहे.

गुप्ततेचा हा रिवाज केवळ संकोचातून पडला नाही. त्यामागे कायद्याची भीती होती. इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्मपीठाच्या एका आयोगाने १९४८ मध्ये परपुरुषाच्या वीर्याचे सेचन हा फौजदारी गुन्हा ठरवावा अशी शिफारस केली. १९६० च्या फेव्हरशॅम समितीने ती मान्य केली नाही, तरी ही प्रथा अनिष्ट होय असा अभिप्राय दिलाच. अशी संतती कायद्याने अनौरस ठरे. म्हणून जन्मनोंदणीच्या वेळी पतीने बाप म्हणून केलेली सही ही सरकारदरबारी केलेली खोटी नोंद होई. ही स्थिती १९८७ च्या कुटुंबविषयक सुधारणा कायद्यापर्यंत कायम होती. साहजिकच डॉक्टर दाता निवडताना केसांचा व डोळ्यांचा वर्ण पतीशी जुळेल असे पाहत, सेचनाच्या सुमारास पतिपत्नींनी समागम करावा म्हणजे संशयाला जागा राहील असा सल्ला देत, आणि घरी जाऊन हा विषय विसरून जा असे बजावीत. पती, पत्नी व दाता या तिघांच्या अब्रूची काळजी या व्यवस्थेने मनोभावे घेतली. चौथा पक्षकार अजून जन्मावयाचा असल्यामुळे त्याची कैफियत कोणी मागितली नाही.

या व्यवस्थेचे सर्वांत बोलके उदाहरण लंडनचे. डॉ. मेरी बार्टन आणि त्यांचे पती, ऑस्ट्रियात जन्मलेले शरीरक्रियावैज्ञानिक बर्टोल्ड वीझनर, यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून तेथे वंध्यत्वावरील चिकित्सालय चालविले आणि १९४५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आपल्या कार्याची माहिती देणारा लेख सहलेखकासह लिहिला; धर्मपीठाचा उपरोक्त आयोग नेमला गेला त्याच्या पार्श्वभूमीला हा लेख होता. तेथील उपचारांतून सुमारे दीड हजार मुले जन्मली असे सांगतात. पुढे दप्तर नष्ट करण्यात आले. पुष्कळ वर्षांनी, तेथे ज्यांचा गर्भसंभव झाला अशा काही प्रौढांना आपल्या आईबापांकडून सत्य कळले, ते परस्परांना भेटले, आणि रक्ताची तुलना करू लागले. कॅनडातील चित्रपटकार बॅरी स्टीव्हन्स यांनी आपल्या शोधावर २००१ मध्ये ‘ऑफ्स्प्रिंग’ हा अनुबोधपट काढला, त्यामुळे या प्रकरणाचा बोभाटा झाला. १९४३ ते १९६२ या काळातील गर्भधारणांतून जन्मलेल्या अठरा जणांची डीएनए चाचणी २००७ मध्ये झाली, तीत दोनतृतीयांश लोकांचा जनक एकच निघाला, आणि तो म्हणजे स्वतः वीझनर. या प्रमाणावरून त्यांची एकूण संतती तीनशे ते सहाशेच्या घरात असावी असा अंदाज बांधला गेला. तो अंदाजच आहे, हे विसरू नये. वीझनर १९७२ मध्येच निवर्तले होते, म्हणून त्यांना जाब विचारण्याची सोय कोणालाच उरली नाही.

येथे एक अवांतर गोष्ट नमूद करावीशी वाटते. महाराष्ट्रात ‘कृत्रिम रेतन’ हा शब्द उच्चारला की खेड्यातील माणसाला गुरांचा दवाखाना आठवतो. गोठविलेल्या रेताची जी कांडी तेथे वापरतात तिच्यावर वळूचा क्रमांक छापलेला असतो, आणि दक्ष गोपालक तो टिपून ठेवतो, कारण पुढील पिढीत त्याच वळूशी संकर होता कामा नये. जी खबरदारी कालवडीच्या बाबतीत शहाणपणाची समजली गेली ती लंडनच्या प्रतिष्ठित चिकित्सालयात बाळगली गेली नाही; आणि कदाचित शेकडो सापत्न भावंडे परस्परांना न ओळखता वावरली. ‘सापत्न’ हा शब्दही येथे नाइलाजाने वापरला आहे, कारण त्याच्या पोटात सवत आहे, आणि या प्रकरणात सवत कोठेच नाही.

कायद्याचे पारडे प्रथम स्वीडनमध्ये फिरले. एका पतीने दातृबीजजन्य मुलाचे पितृत्व नाकारले आणि १९८३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे उचलून धरले, तेव्हा मूल कायद्याने बापाविनाच राहिले. तत्पूर्वीच नेमलेल्या चौकशी समितीच्या शिफारशींवरून जो कायदा झाला व १ मार्च १९८५ पासून अमलात आला, त्याने संमती देणाऱ्या पतीस पितृत्वाने बांधून घेतले आणि मुलास, पुरेशी समज आल्यावर, दात्याची ओळख मिळण्याचा हक्क दिला. ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्याने निर्माण केलेले नियामक प्राधिकरण १ ऑगस्ट १९९१ पासून नोंदी ठेवू लागले, पण नाव गुप्तच राही. जोॲना रोझ यांनी सरकारविरुद्ध दाद मागितली आणि २००२ मध्ये उच्च न्यायालयाने आपल्या उत्पत्तीची माहिती हा खाजगी व कौटुंबिक जीवनाच्या हक्काच्या कक्षेत येणारा विषय आहे असे मानले. त्यानंतर १ एप्रिल २००५ पासूनच्या दात्यांची गुप्तता संततीच्या अठराव्या वर्षापुरती मर्यादित करण्यात आली. नेदरलँड्सने २००४ मध्ये गुप्तता उठविली. जर्मनीने २०१८ मध्ये मध्यवर्ती नोंदवही उघडली, आणि फ्रान्समध्ये २०२१ च्या जैवनीतिविषयक कायद्याने मार्ग मोकळा केला. अमेरिकेत देशव्यापी कायदा नाही. वीर्यपेढी आणि गिऱ्हाईक यांतील करार हाच तेथील कायदा, आणि काही राज्यांनी तेवढा त्यात हात घातला आहे.

परंतु कायदा तारखेपासून लागू होतो आणि भाऊबहिणी निरनिराळ्या तारखांना जन्मतात, याचा प्रत्यय ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने दिला. तेथे १९८८ पूर्वीच्या दात्यांची माहिती मागण्याचा हक्कच नव्हता. १९८८ ते १९९७ मधील दात्याच्या संमतीने ती मिळे. १९९८ पासूनची बिनशर्त. एकाच घरातील तीन मुलांना तीन प्रकारचे हक्क असावेत ही विसंगती वर्षानुवर्षे चालली. मेलबर्नच्या नॅरेल ग्रेच या तरुणीने पंधरा वर्षांच्या खटपटीत आपल्या जनकाविषयी मिळविले ते म्हणजे ‘टी ५’ ही खूण आणि काही किरकोळ तपशील. आतड्याच्या कर्करोगाने ती अंथरुणास खिळली, तेव्हा राज्याच्या प्रमुख मंत्र्यांच्या मध्यस्थीने जनकाचा ठाव लागला. दोघांची भेट झाली, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, मार्च २०१३ मध्ये, तिचे निधन झाले. पुढे २०१६ मध्ये संमत झालेल्या आणि १ मार्च २०१७ पासून अमलात आलेल्या कायद्याने सर्व दात्यांची ओळख, जुन्या वचनांची पर्वा न करता, संततीस खुली केली. दात्यास आपले नाव झाकता येत नाही. मात्र भेट नको, पत्र नको, अशी मनाई नोंदविता येते. पूर्वलक्षी कायदा हा एरवी न्यायशास्त्राला रुचत नाही, आणि ज्या विद्यार्थ्याला १९७५ मध्ये ‘तुमचे नाव कधीही कळणार नाही’ असे सांगितले गेले त्याचा आक्षेप पोकळ म्हणता येणार नाही. तथापि जे वचन दिले गेले ते तिसऱ्याच्या मालमत्तेतून दिले गेले होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कायदे होत राहिले तोवर विज्ञानाने त्यांना वळसा घातला. २००४ च्या अखेरीस अमेरिकेतील एका पंधरा वर्षांच्या मुलाने गालाच्या आतील भागाचा नमुना वंशावळीची चाचणी करणाऱ्या एका व्यापारी कंपनीकडे पाठविला. ‘वाय’ हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे येते, आणि पाश्चात्त्य रिवाजात आडनावही त्याच वाटेने येते; त्यामुळे त्या गुणसूत्राशी जुळणारे जे दोन अनोळखी पुरुष निघाले त्यांच्या आडनावांतील साम्यावरून जनकाचे आडनाव तर्काने काढता आले. आईला दात्याची जन्मतारीख, जन्मस्थान व शिक्षण सांगितलेले होते. त्या दिवशी त्या गावी जन्मलेल्या लोकांची यादी मुलाने विकत घेतली, तीत ते आडनाव एकाच इसमाचे होते, आणि दहा दिवसांत त्याच्याशी संपर्क झाला. जनकाने स्वतः चाचणी कधीच केली नव्हती. (आपल्याकडे गावावरून, वतनावरून व धंद्यावरून पडलेली आणि अनेक असंबद्ध कुळांत एकच असलेली आडनावे पाहता ही युक्ती येथे कितपत चालेल हा प्रश्न आहे.)

पुढील काळात सर्व गुणसूत्रांची तुलना करणाऱ्या स्वस्त चाचण्या आल्या आणि आडनावाचीही गरज संपली. सापत्न भावंडांत सरासरी पंचवीस टक्के, चुलत-आते-मामे-मावस भावंडांत साडेबारा टक्के, तर त्यांच्या मुलांमुलांत तीन टक्क्यांच्या आसपास वारसा समान असतो. दूरच्या दोन आप्तांच्या वंशावळी मांडून त्या जेथे मिळतात तेथपर्यंत वर चढावे आणि मग वय, गाव व व्यवसाय यांच्या अनुमानाने खाली उतरावे, ही पद्धत शोधकांनी स्वतःच्या अनुभवाने घडविली. कुलवृत्तांत लिहिणाऱ्या आपल्या जुन्या संपादकांना आणि त्र्यंबकेश्वरी यजमानांची नामावळी सांभाळणाऱ्या तीर्थोपाध्यायांना ती सहज उमगली असती. एका पुतण्याने हौसेखातर केलेली चाचणी काकाचे रहस्य उघडे पाडू शकते. म्हणून कोणतीही वीर्यपेढी आता गुप्ततेची हमी प्रामाणिकपणे देऊ शकत नाही.

या चाचण्यांनी दात्यांबरोबर काही वैद्यांनाही उजेडात आणले. इंडियानापोलिसचे डॉ. डोनाल्ड क्लाइन यांनी रुग्णस्त्रियांवर त्यांच्या नकळत स्वतःचेच वीर्य वापरल्याचे या मार्गाने सिद्ध झाले आणि इंडियाना राज्याला २०१९ मध्ये त्यासाठी नवा कायदा करावा लागला. नेदरलँड्समध्ये बारेंड्रेख्त येथील वैद्य यान कारबाट २०१७ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या घरून दातांच्या कुंचल्यासारख्या वस्तू हस्तगत करण्यात आल्या. न्यायालयाने २०१९ मध्ये तुलनेस परवानगी दिली आणि एकोणपन्नास जणांचे जनक तेच असल्याचे निष्पन्न झाले.

भारतीय परंपरेत नियोग होता, आणि क्षेत्रज पुत्र बीजीचा की क्षेत्रीचा यावर स्मृतिकारांनी मोठा खल केला. पण तेथे बीज देणारा कोण हे कुटुंबास ठाऊक असे, विचित्रवीर्याच्या राण्यांकडे व्यास आले हे हस्तिनापुरात लपलेले नव्हते. निबंधकारांनी नियोग कलिवर्ज्यांत घातला. आधुनिक प्रथा येथे आली ती पाश्चात्त्य गुप्ततेसह आली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नावावाचूनची माहिती अठराव्या वर्षी मिळावी असे सुचविले होते. २०२१ च्या साहाय्यित प्रजननतंत्र नियमन कायद्याने वीर्यदात्याचे वय एकवीस ते पंचावन्न असे ठरविले, एका दात्याचे बीज एकाहून अधिक दांपत्यांस देण्यास मनाई केली, मुलास त्या दांपत्याच्या औरस संततीचे सर्व हक्क दिले आणि दात्याचे पालकत्वाचे सर्व हक्क काढून घेतले. चिकित्सालयांनी व पेढ्यांनी नोंदी किमान दहा वर्षे जतन कराव्यात व नंतर राष्ट्रीय नोंदणीकडे वर्ग कराव्यात अशीही तरतूद आहे. त्या कायद्याखाली जन्मलेली पहिली मुले २०४० च्या सुमारास सज्ञान होतील, तेव्हा त्यांचा कागद दप्तरी असेल. तो त्यांनी मागितल्यास कोणत्या कलमान्वये द्यावयाचा, हे कायद्यात लिहिलेले नाही.