जोडणीचा अधिकार: लिनक्स डेस्कटॉपवरील नेटवर्क व्यवस्थापनाचा इतिहास

लिनक्सच्या डेस्कटॉपवर नेटवर्कला जोडून घेणे हे आज वापरणाऱ्याचे स्वतःचे काम मानले जाते. पडद्याच्या कोपऱ्यातील चिन्हावर क्लिक करायचे, आसपासच्या वायफायच्या यादीतून एक नाव निवडायचे आणि पासवर्ड द्यायचा, यापलीकडे त्याच्याकडून काही अपेक्षित नसते. ज्या युनिक्स परंपरेतून लिनक्स जन्माला आले, तिने मात्र हा अधिकार सामान्य वापरकर्त्याला कधी दिलेला नव्हता. बर्कली विद्यापीठातून १९८३ मध्ये बाहेर पडलेल्या युनिक्सच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीबरोबर ‘आयएफकॉन्फिग’ ही आज्ञा आली, आणि यंत्राला नेटवर्कवरील पत्ता नेमून देण्याचे काम तिच्याकडे गेले. पण तिने फेरफार करण्याची मुभा फक्त ‘रूट’ला, म्हणजे यंत्रावर सर्वाधिकार असलेल्या व्यवस्थापकाच्या खात्याला होती. त्या काळाचा विचार करता यात वावगे काही नव्हते, कारण यंत्र एका खोलीत कायमचे बसवलेले असे, त्यावर एकाच वेळी अनेक जण काम करत, आणि त्यांपैकी एकाने जोडणीत फेरफार केला तर त्याचा फटका सगळ्यांनाच बसला असता.

लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनक्सचा आरंभ केला तेव्हा त्यात नेटवर्कची सोय नव्हती. हा भाग प्रथम रॉस बायरो यांनी लिहिला, नंतर फ्रेड व्हॅन केंपेन यांनी हाती घेतला, आणि पुढे वेल्समधील स्वॉन्झी येथील ॲलन कॉक्स यांनी त्याची डागडुजी करून त्याला वापरण्याजोगे रूप दिले. मार्च १९९४ मध्ये आलेल्या १.० या आवृत्तीला त्यामुळेच नेटवर्कचा भक्कम आधार मिळाला. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि प्रत्यक्ष इथरनेट कार्ड यांच्यातील दुवा म्हणजे ड्रायव्हर. सुरुवातीच्या काळातील असे कितीतरी ड्रायव्हर नासाच्या गॉडर्ड केंद्रात काम करणाऱ्या डोनाल्ड बेकर यांनी लिहिले. साध्या घरगुती यंत्रांची मोट बांधून महासंगणकाचे काम करून घेणारा बेओवुल्फ प्रकल्प त्यांनी थॉमस स्टर्लिंग यांच्यासह १९९४ मध्ये उभा केला, आणि त्यासाठी स्वस्त कार्डे लिनक्सवर चालणे आवश्यकच होते. डेस्कटॉपवरील तारेच्या जोडणीने नंतर जी विश्वासार्हता कमावली, तिचे बरेचसे श्रेय या प्रयोगशाळेच्या गरजेला द्यावे लागेल.

ही विश्वासार्हता बिनकष्टाची नव्हती. ‘एनई-२०००’ या कार्डाच्या स्वस्त नकला बाजारात सर्वत्र मिळत, पण जुन्या आयसा पद्धतीच्या खाचेत बसवलेले कार्ड आपली ओळख आपणहून सांगत नसे; कर्नलला ठरावीक पत्ते एकामागून एक चाचपून पाहावे लागत, आणि त्या चाचपणीत एखाद्या पत्त्यावर दुसरेच उपकरण निघाले तर संपूर्ण यंत्र जागच्या जागी थिजून जाई. म्हणून यंत्र सुरू होतानाच कार्डाचा पत्ता (बहुधा षोडशमान पद्धतीतील ३००) आणि व्यत्ययाचा क्रमांक कर्नलला हाताने सांगण्याची पद्धत होती. कार्ड सापडले की त्याला ‘ईटीएच०’ हे नाव मिळे. मग पत्ता, बाहेरच्या जगाकडे जाणारा मार्ग आणि नावांचे पत्त्यांत रूपांतर करणाऱ्या सर्व्हरचा क्रमांक अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या आज्ञांनी किंवा ‘ईटीसी’ या निर्देशिकेतील फायलींत लिहून द्याव्या लागत. या फायलींचे स्वरूपही लिनक्सच्या प्रत्येक वितरणात निराळे होते, कारण डेबियनने सर्व जोडण्यांची एकच फाइल ठेवली, तर रेड हॅटने प्रत्येक कार्डासाठी स्वतंत्र. पत्ता आपोआप वाटून देणाऱ्या डीएचसीपी या संकेताचा पहिला मसुदा १९९३ मध्ये आणि आज रूढ असलेला १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने लिहिण्याचे श्रम वाचवले, पण यंत्र एकाच जागी राहणार हे गृहीतक तसेच राहिले.

जोडणी व्यवस्थापकाच्याच हाती असावी या जुन्या कल्पनेला पहिला धक्का टेलिफोनने दिला. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या शहरांत सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, आणि अनेक मराठी घरांना नेटवर्क प्रथम दिसले ते मॉडेमच्या कर्कश आवाजासह. डायल-अपमध्ये प्रत्येक मिनिटाला पैसे पडत असल्यामुळे जोडणी कधी करायची आणि कधी तोडायची हे बिल भरणाऱ्यानेच ठरवणे भाग होते, व्यवस्थापकाला त्यात स्थान नव्हते. त्यामुळे फोनवरची जोडणी सांभाळणाऱ्या ‘पीपीपीडी’ला रूटचे अधिकार देऊन ठेवायचे आणि ती चालवण्याची परवानगी ठरावीक गटातील वापरकर्त्यांना द्यायची, अशी पळवाट निघाली. केडीई या डेस्कटॉपबरोबर येणाऱ्या ‘केपीपीपी’त तर निरनिराळ्या देशांतील टेलिफोन दरांचे तक्ते होते आणि कॉलचा खर्च पडद्यावर चढत जाताना दिसे. जोडणी ही वापरणाऱ्याच्या खिशाशी निगडित बाब आहे, ही जाणीव लिनक्स डेस्कटॉपवर प्रथम येथे उमटली असे म्हणता येते.

खरा पेच बिनतारी जोडणीने निर्माण केला. ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आले, १९९९ मध्ये त्याची ‘बी’ ही सुधारित आवृत्ती आली आणि लॅपटॉपमध्ये वायफाय कार्डे बसू लागली. लिनक्सच्या बाजूने एचपीच्या प्रयोगशाळेतील जाँ तुरिए यांनी ‘वायरलेस एक्स्टेन्शन्स’ हा संकेतसंच आणि त्याबरोबर ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ ही आज्ञा घडवली. तिचे नावच सांगते की ती जुन्या आज्ञेची बहीण म्हणून आली. नेटवर्कचे नाव आणि डब्ल्यूईपी या गुप्ततेच्या पद्धतीची किल्ली तिच्यापुढे टंकायची, आणि ही किल्ली म्हणजे दहा किंवा सव्वीस षोडशमान अंक असत, जे एका चुकीशिवाय लिहिणे हीच कसोटी होती. एवढे करूनही सुरक्षितता मिळत नव्हती, कारण २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी या पद्धतीतील मूलभूत दोष दाखवून दिला. तिच्या जागी आलेल्या डब्ल्यूपीएमध्ये किल्ल्या सतत बदलत राहतात, म्हणून एकदा आज्ञा देऊन भागत नाही. वाटाघाट करत राहणारा एक कार्यक्रम पार्श्वभूमीवर अखंड चालू ठेवावा लागतो. यौनी मालिनेन यांचा ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ हा तो कार्यक्रम होय. फायलीत एकदा लिहून ठेवलेल्या जोडणीचा काळ संपला तो याच ठिकाणी, जरी हे ध्यानात यायला आणखी काही वर्षे जावी लागली.

दरम्यान ड्रायव्हरची अडचण पुन्हा उभी राहिली, आणि या खेपेस ती अधिक चिवट निघाली. इंटेलचा सेंट्रिनो संच मार्च २००३ मध्ये बाजारात आला तेव्हा त्यातील वायफायसाठी लिनक्सचा ड्रायव्हर उपलब्ध नव्हता; मुक्त स्रोताचा ड्रायव्हर पुढच्या वर्षी मिळाला. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी उत्साही मंडळींनी चिपचे वर्तन उलगडून स्वतःच ड्रायव्हर लिहिला, जो २००६ मध्ये कर्नलमध्ये दाखल झाला, परंतु चिपच्या आत चालणारा फर्मवेअर नावाचा छोटा कार्यक्रम वाटण्याचा परवाना कोणाकडेच नसल्यामुळे वापरकर्त्याला विंडोजच्या ड्रायव्हरमधून तो ‘कापून’ काढावा लागे, आणि त्यासाठी खास कातरीवजा साधन लिहिले गेले. विंडोजचा ड्रायव्हर जसाच्या तसा लिनक्समध्ये चालवणारा ‘एनडिस-रॅपर’ हा त्याहून विलक्षण उपाय होता. ब्रॉडकॉमने स्वतः मुक्त ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये. प्रत्येक ड्रायव्हरने वायफायचे नियम आपापल्या परीने राबवण्याचा गोंधळ २००७ मध्ये ‘मॅक८०२११’ हा सामायिक थर आल्यावर हळूहळू निवळला.

या पार्श्वभूमीवर रेड हॅटने २००४ मध्ये ‘नेटवर्कमॅनेजर’ पुढे आणला. डॅन विल्यम्स हे त्याच्या विकासातील प्रमुख नाव. रूटच्या अधिकाराने सतत चालणारी एक सेवा आणि वापरकर्त्याच्या पडद्यावरील एक लहानसे चिन्ह असे त्याचे दोन भाग होते, आणि डी-बस या निरोपवाहक व्यवस्थेतून त्यांचे बोलणे चाले. केबल लावली की कर्नलकडून सेवेला वर्दी मिळे आणि ती वायफाय सोडून केबलवर जाई. केबल काढली की उलट. सुरुवातीच्या आवृत्त्यांत एका वेळी एकच उपकरण चालू ठेवण्याचा दंडक होता, जो लॅपटॉपधारकाला सोयीचा आणि दोन कार्डे असलेल्या यंत्राच्या मालकाला असह्य वाटे. आजच्या आवृत्त्या दोन्ही जोडण्या चालू ठेवतात आणि प्रत्येक मार्गाला एक ‘मोल’ लावतात, केबलला १०० आणि वायफायला ६००. कमी मोलाचा मार्ग आधी निवडला जात असल्याने वाहतूक आपसूक केबलवरून जाते.

जोडणी नेमकी कोणाच्या मालकीची, या प्रश्नावर हा प्रकल्प स्वतःच दोनदा फिरला, आणि त्याच्या इतिहासातला सर्वांत बोधक भाग हाच आहे. ०.६ या आवृत्तीत वायफायची नावे आणि पासवर्ड वापरकर्त्याच्या सत्रात, त्याच्या डेस्कटॉपच्या किल्लीपेटीत साठवलेले असत. परिणामी लॉगिन होईपर्यंत यंत्राला वायफाय मिळत नसे आणि लॉगआउट होताच ते तुटे. दुसऱ्या यंत्रावरील खात्यांच्या आधारे लॉगिन करण्याची व्यवस्था असलेल्या कार्यालयात तर हा तिढा सुटणेच अशक्य होते, कारण नेटवर्कशिवाय लॉगिन नाही आणि लॉगिनशिवाय नेटवर्क नाही. २००८ मधील ०.७ या आवृत्तीने वैयक्तिक आणि यंत्रव्यापी असे दोन प्रकार मान्य केले, पण दुहेरी कारभाराने गुंतागुंत वाढली. अखेर २०११ मधील ०.९ आवृत्तीने सर्व जोडण्या यंत्राकडे सोपवल्या आणि प्रत्येक जोडणीला ती कोणी वापरावी याची परवानगी चिकटवली. म्हणजे साठवण जुन्या युनिक्सप्रमाणे रूटकडे गेली, निर्णय मात्र वापरकर्त्याकडे राहिला. ही तडजोड आजवर टिकली आहे.

विरोध मात्र बराच काळ धुमसत राहिला. ज्यांनी नावांच्या सर्व्हरची फाइल हाताने लिहिली होती, त्यांना एके दिवशी तिच्या माथ्यावर ती नेटवर्कमॅनेजरने तयार केल्याची ओळ दिसे आणि स्वतःच्या ओळी गायब झालेल्या असत; अशा व्यवस्थापकांनी ही सेवा काढून टाकणे हा शिरस्ताच करून टाकला. विक्ड आणि इंटेलचा कॉनमॅन हे पर्याय काही वर्षे चालले. २०१३ च्या आरंभी, यंत्रावरील सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीने ‘ईटीएच०’ हे नावही मोडीत काढले आणि कार्ड ज्या खाचेत आहे तिच्यावरून ‘ईएनपी३एस०’ अशी नावे आणली, कारण ड्रायव्हर समांतर सुरू होऊ लागल्यापासून पहिले कार्ड कोणते हे दर वेळी बदलू शकत होते. तांत्रिकदृष्ट्या ही सुधारणा निर्विवाद होती, तरी एकच कार्ड असलेल्या घरगुती यंत्राच्या मालकाला तिचा लाभ फारसा झाला नाही, हेही खरे. दरम्यान भाषेची अडचणही कमी होत होती, कारण पडद्यावरील चिन्हामागच्या संदेशांचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत अनुवाद झाले.

पुढची घडामोड मात्र कोणाच्या हिशेबात नव्हती. लॅपटॉप घेऊन हिंडणाऱ्यासाठी लिहिलेला हा कार्यक्रम रेड हॅटने २०१४ मधील आपल्या व्यावसायिक वितरणाच्या सातव्या आवृत्तीत सर्व्हरवरही मूलभूत व्यवस्था म्हणून ठेवला. २०१९ मधील आठव्या आवृत्तीत प्रत्येक कार्डाची फाइल वाचणाऱ्या जुन्या आज्ञावली कालबाह्य ठरवल्या आणि २०२२ मधील नवव्या आवृत्तीत त्या काढूनच टाकल्या. ज्या व्यवस्थापकांनी एकेकाळी ही सेवा यंत्रावरून हद्दपार केली होती, त्यांचे वारस आता ‘एनएमसीएलआय’ या तिच्याच आज्ञेने वातानुकूलित खोल्यांतील, जागचे कधीही न हलणारे सर्व्हर नेटवर्कला जोडतात.