खाणावळीतली इटली

न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया, प्रॉव्हिडन्स. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कोणत्याही जुन्या शहरात, साध्या वस्तीत, एखादे इटालियन हॉटेल असतेच. दहा-बारा टेबले, त्यांवर लाल-पांढऱ्या चौकड्यांची कापडे, गवती वेष्टणातली कियांती वाइनची रिकामी बाटली आणि तिच्या तोंडात खोचलेली मेणबत्ती. भिंतीवर नेपल्सच्या खाडीचे चित्र. बशीत टोमॅटोच्या दाट लाल सॉसमध्ये स्पॅगेटी आणि तिच्यावर खिम्याचे मोठाले गोळे. वॉल्ट डिस्नेच्या ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ (१९५५) या चित्रपटातली दोन कुत्री एकच स्पॅगेटी दोन टोकांनी खातात, ती अशाच एका हॉटेलच्या मागच्या गल्लीत.

या हॉटेलांना तिकडे ‘रेड सॉस’ हॉटेले म्हणतात आणि त्या म्हणण्यात थोडी कुचेष्टा असते. इटलीतून आलेला पाहुणा सांगतो, हे आमचे जेवण नव्हे. आमच्याकडे खिम्याचे गोळे लहान असतात आणि ते पास्त्यावर घालत नाहीत. पार्मिजाना आम्ही वांग्याची करतो, कोंबडीची नाही. यात खोटे काही नाही. तरीही या हॉटेलांना ‘नकली इटालियन’ म्हणून मोडीत काढले, की एक मोठा इतिहास हातून निसटतो. माझे म्हणणे असे, की हे जेवण मुळात खाणावळीत तयार झाले. त्याची पदार्थांची यादी, त्याची चव आणि त्याच्या इतिहासातली एक मोठी गाळलेली जागा, या तिन्ही गोष्टी खाणावळीतूनच समजतात.

माझा मूळ विषय गिरणगावातल्या खाणावळी. त्यांना समांतर उदाहरणे शोधत असताना अमेरिकेच्या डिलिंगहॅम आयोगाचा अहवाल हाती लागला. १९०७ ते १९११ या काळात काम केलेल्या या आयोगाने स्थलांतरितांवर ४१ खंड लिहिले. दृष्टी संशयाची, कित्येक ठिकाणी सरळ वंशवादी. पण कोण कुठे राहते, एका खोलीत किती माणसे झोपतात, जेवणाचे पैसे कसे चुकवतात, याची नोंद बारकाईने घेतलेली. मला हवे होते ते तिथे होते.

१८८० ते १९२४ या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेत उतरले. बहुतेक दक्षिणेचे: सिसिली, कालाब्रिया, बासिलिकाता, काम्पानिया इथले. पहिल्या लाटांमध्ये एकटे पुरुषच फार. रेल्वेचे रूळ टाकायचे, भुयारे खणायची, पैसा साठवून गावी परतायचे, हा बेत. आणि पुष्कळजण खरोखर परतलेही. इटलीचे एकीकरण १८६१ मधले, म्हणजे ‘आपण इटालियन’ ही जाणीव अजून कोवळी. माणूस आपल्या गावच्या चर्चची घंटा ऐकू येते तेवढ्या मुलखाचा. या वृत्तीला इटालियनमध्ये शब्दही आहे, ‘काम्पानिलिस्मो’, कारण ‘काम्पानिले’ म्हणजे घंटेचा मनोरा. गावी त्यांचे जेवण काय होते? शेतकऱ्यांच्या स्थितीची संसदीय पाहणी १८७७ ते १८८५ या काळात झाली, ‘याचीनी पाहणी’ म्हणून ती ओळखली जाते. तिने जे चित्र पुढे आणले ते दारिद्र्याचे. दक्षिणेच्या खेड्यात रोजचे म्हणजे भाकरीसारखा जाड पाव, कडधान्ये, रानभाज्या. मांस सणासुदीला. सुका पास्ता नेपल्सच्या रस्त्यावर मिळे, पण डोंगरातल्या शेतमजुराच्या घरी तोही रोजचा नव्हता.

अमेरिकेत आल्यावर हा माणूस कुठे जेवायचा? आपल्याच बाजूच्या एखाद्या कुटुंबात पैसे देऊन. इंग्रजी ‘बोर्ड’वरून त्यांनी ‘बोर्दो’ हा शब्द घडवला आणि असा जेवणारा-राहणारा तो ‘बोर्दान्ते’. अहवालात ‘बोर्डिंग बॉस’ नावाची पद्धत वर्णिलेली आहे: घर एका पुरुषाच्या नावावर, त्याची बायको सगळ्यांचा स्वयंपाक करते, कपडे धुते, आणि महिन्याच्या हिशोबाने पैसे घेतले जातात. गिरणगाव ज्याला माहीत आहे त्याला हे समजावून सांगायला नको. कोकणातून, घाटावरून आलेला एकटा कामगार, गाववाल्यांची खोली, आणि शेजारच्या चाळीतल्या बाईकडे महिन्याने लावलेले जेवण.

त्या घरातल्या भांड्याची कल्पना करून पाहू. ताटाशी बसलेला एक नेपल्सजवळचा, दुसरा सिसिलीचा, तिसरा कालाब्रियाचा. प्रत्येकाच्या गावची चव वेगळी आणि बाईकडे भांडे एकच. शिवाय गोमांस आणि गव्हाचे पीठ अमेरिकेत त्यांच्या मजुरीच्या मानाने स्वस्त. जे गावी सणाला जेमतेम मिळे ते आता दर रविवारी शिजू लागले: टोमॅटोच्या सॉसमध्ये तासन्‌तास मंद आचेवर मांस, आणि त्या सॉससोबत पास्ता. गोळे मोठे झाले, पास्ता आणि मांस एकाच बशीत आले. माझ्या मते ही पाककला बिघडल्याची खूण मुळीच नाही. अर्धपोटी राहिलेल्या माणसांनी पहिल्यांदा पोटभर खाल्ले, त्याची ती नोंद आहे. नाहीतरी ज्या टोमॅटोवर हे सगळे उभे आहे तो अमेरिका खंडातूनच युरोपात गेलेला. आंतोनियो लातिनी याने सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात नेपल्समध्ये आपल्या ग्रंथात टोमॅटोचा सॉस दिला, तोसुद्धा ‘स्पॅनिश पद्धतीचा’ म्हणून.

आता ती गाळलेली जागा. अमेरिकेच्या १९०० आणि १९१० च्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी नाते आणि व्यवसाय असे दोन रकाने होते. नात्याच्या रकान्यात नावामागून नाव ‘बोर्डर’ असे लिहिलेले आढळते. त्याच घरातल्या बायकोच्या व्यवसायापुढे मात्र कित्येकदा ‘काही नाही’. पहाटे उठून इतक्या माणसांचे रांधणारी बाई जनगणनेच्या लेखी बेकार! आपल्याकडे यात बदल व्हायला १९७५ उजाडावे लागले. त्या वर्षी प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि खाणावळ चालवणाऱ्या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले.

खाणावळीचे हॉटेल कसे झाले, हे न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधल्या ‘गोन्फारोने’ या ठिकाणावरून दिसते. ठरावीक पैशांत ठरावीक जेवण, आपल्या राइस प्लेटसारखे, पण सूपपासून कॉफीपर्यंत. आठवड्याच्या दिवसांत ५० सेंट आणि त्यातच कॅलिफोर्नियाची लाल वाइन. चित्रकार, लेखक, कफल्लक विद्यार्थी तिथे गर्दी करू लागले. हॉटेलाला आडनाव मिळाले ते मादामा गोन्फारोने यांचे. पुढे भागीदार झालेल्या गृहस्थांच्या मुलीने १९५२ मध्ये त्याच्या आठवणी लिहिल्या. पुस्तकाच्या नावात ‘पापा’ आहेत.

बाहेरच्या गिऱ्हाइकाला मोठ्या प्रमाणावर आत आणले ते दारूबंदीने. १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत अमेरिकेत दारूबंदी होती. कायद्यात घरगुती फळांच्या रसाला मात्र फट ठेवलेली. इटालियन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तळघरात द्राक्षे चिरडत आलेली, त्यांना नवे काही शिकायचे नव्हते. वस्तीतल्या हॉटेलात कॉफीच्या कपातून वाइन मिळू लागली आणि एरवी या गल्लीत पाऊल न टाकणारा अमेरिकी मध्यमवर्ग स्पॅगेटी खाऊ लागला. हाच समाज काही वर्षांपूर्वी इटालियनांकडे कसा पाहत होता, ते विसरू नये. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने अकरा इटालियनांना ठार मारले होते. आहारतज्ज्ञ आणि समाजसेविका तर इटालियन आयांना सांगत, की तुमचे लसणीचे, एकत्र शिजवलेले अन्न पचायला जड आहे, ते सोडा.

मग १९२४ चा कायदा आला. इटलीतून वर्षाला फक्त ३,८४५ माणसे घ्यायची, असे ठरले. नवे बोर्दान्ते येईनात, जुन्यांची लग्ने झाली, खाणावळीचे ताट रिकामे झाले. राहिली ती हॉटेले, आणि ती आता बिगरइटालियन गिऱ्हाइकांवर जगू लागली. त्याच सुमारास क्लीव्हलंडमध्ये एत्तोरे बोयार्दी याच्या हॉटेलात लोक सॉस घरी न्यायला मागत. पुढे त्याने तो डब्यात भरला, आणि अमेरिकी जिभेला उच्चार जमावा म्हणून आपल्या नावाची फोड करून डब्यावर छापली. बोयार्दी उत्तरेच्या पियाचेंझाचा. दक्षिणेची चव देशभर पोहोचवली त्याने. दुसऱ्या महायुद्धात हे डबे सैन्यालाही गेले.

नंतरची गोष्ट थोडक्यात. १९७३ मध्ये मार्चेला हाझान यांचे पाकशास्त्र प्रसिद्ध झाले आणि सुशिक्षितांची चव उत्तर इटलीकडे वळली. १९८२ मध्ये ‘ऑलिव्ह गार्डन’ ही साखळी निघाली, तिने वस्तीतल्या हॉटेलचा थाट घेतला, वस्ती वगळली. ‘बिग नाइट’ (१९९६) हा चित्रपट जरूर पाहावा. रिसोत्तोबरोबर स्पॅगेटीही मागणाऱ्या गिऱ्हाइकावर त्यातला आचारी संतापतो. प्रेक्षक हसतो आचाऱ्याच्या बाजूने. मला मात्र दर वेळी त्या गिऱ्हाइक बाईची बाजू घ्यावीशी वाटते.

लुईजा लेओने यांनी १९०६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जेवण घालायला सुरुवात केली. ‘मामा लेओने’ म्हणून त्यांचे हॉटेल गाजले, १९५९ मध्ये ते एका कंपनीला विकले गेले, १९९४ मध्ये बंद पडले. त्यांच्या पाककृती १९६७ मध्ये मुलाच्या नावाने छापल्या गेल्या; प्रस्तावना माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांची. लुईजाबाईंचे नाव तरी उरले. इतर हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर आज ‘नोन्नाचे मीटबॉल्स’ असे छापलेले असते. नोन्ना म्हणजे आजी. कोणाची आजी, हे शोधायचे तर जनगणनेच्या पानांकडेच जावे लागते. बहात्तर वर्षांनी ती खुली होतात; १९५० ची पाने २०२२ मध्ये खुली झाली. व्यवसायाचा रकाना डोळ्यांनी ओलांडून पुढे गेले, की एकाच पत्त्यावर ओळीने लिहिलेले बोर्डर मोजायचे, आणि त्यांच्या वर दुसऱ्या ओळीत असलेले नाव उतरवून घ्यायचे.