तैवानमध्ये जोडलेलं यंत्र कुठलं?

तुमच्यापैकी काहींनी, नाहीतर तुमच्या आईवडिलांनी, कधीतरी टायपिंगच्या क्लासला जाऊन तीस किंवा चाळीस स्पीडची परीक्षा दिली असेल. टाइपरायटर म्हटलं की आपल्याला तो खडखडाट आठवतो. व्यापाराच्या इतिहासात मात्र या यंत्राची आठवण निघते ती एका भांडणामुळे. एखादी वस्तू नेमकी कुठली, हे कसं ठरवायचं, असं ते भांडण होतं. ते अजून मिटलेलं नाही.

आधी ‘डम्पिंग’ म्हणजे काय ते पाहू. समजा, एखादी कंपनी तिच्या देशात जी वस्तू शंभर रुपयांना विकते, तीच परदेशात सत्तर रुपयांना विकते. त्यामुळे तिथल्या स्थानिक कारखान्यांचं नुकसान होत असेल, तर तो देश चौकशी करून या फरकाइतका जादा कर लावू शकतो. हीच अँटी-डम्पिंग ड्युटी. ती सरसकट सगळ्या आयातीवर नसते. ती ठरावीक वस्तूवर आणि ठरावीक देशाच्या मालावर लागते. खरी मेख इथेच आहे. ड्युटी देशाच्या नावाला चिकटलेली असेल, तर सुटे भाग तिसऱ्या देशात न्यायचे, तिथे यंत्र जोडायचं आणि त्यावर त्या देशाचं नाव घालायचं. नाव बदललं की ड्युटी गेली!

१९८५ साली युरोपीय समुदायाने जपानी इलेक्ट्रॉनिक टाइपरायटरांवर अशी ड्युटी लावली. त्याच सुमारास जपानच्या ब्रदर कंपनीचे टाइपरायटर जर्मनीत येत होते, पण तैवानहून. कागदोपत्री मूळ देश तैवान. जर्मन कस्टमने नंतर तपासणी केली आणि सांगितलं, की तैवानमध्ये फक्त जोडणी होते, तेव्हा ही यंत्रं जपानीच, ड्युटी भरा. कंपनी कोर्टात गेली. गीसन इथल्या कस्टम कार्यालयाविरुद्धचा हा दावा शेवटी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात पोचला.

१३ डिसेंबर १९८९ रोजी निकाल लागला. सुट्या भागांची नुसती जोडणी केल्यानेही वस्तूचा मूळ देश बदलू शकतो, हे न्यायालयाने मान्य केलं, पण एका अटीवर. ती जोडणी उत्पादनाचा निर्णायक टप्पा असली पाहिजे, म्हणजे त्या टप्प्यावर वस्तूला तिचे खास गुण मिळाले पाहिजेत. तांत्रिक बाजूने हे ठरत नसेल, तर तिथे किमतीत किती भर पडली ते पाहायचं, आणि दहा टक्क्यांहून कमी भर कोणत्याही परिस्थितीत पुरेशी नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता : हेतूचा. जोडणीचा कारखाना दुसऱ्या देशात नेला, एवढ्यावरून ड्युटी चुकवण्याचा डाव होता असं म्हणता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. स्वस्त मजुरी, चढं येन अशी साधी कारणंही असू शकतात. पण ड्युटीचे नियम लागू होणं आणि कारखाना हलणं एकाच सुमारास घडलं असेल, तर मात्र डाव नव्हता हे कंपनीने सिद्ध करायचं.

जपानी कंपन्यांनी तिसऱ्या देशांत कारखाने काढले, तसे थेट युरोपातही काढले. जपानहून भाग आणायचे आणि इथे जोडायचे. लोक त्यांना चेष्टेने ‘स्क्रूड्रायव्हर’ कारखाने म्हणत. १९८७ साली ब्रुसेल्सने नियम केला, की अशा कारखान्यात जोडलेल्या मालावरही ड्युटी लागेल. जपानने गॅटकडे तक्रार केली आणि १९९० साली निकाल युरोपच्या विरोधात गेला. दरम्यान, १९८९ साली फोटोकॉपियरच्या मूळ देशाबद्दल युरोपने एक नियम काढला. त्यामुळे रिको कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यातून येणारी यंत्रं युरोपच्या लेखी जपानी ठरली. अमेरिकन कामगारांनी बनवलेला माल अमेरिकन नाही, हे वॉशिंग्टनला मुळीच रुचलं नाही.

आता खुद्द अमेरिकेत काय चाललं होतं ते पाहा. न्यूयॉर्क राज्यातल्या कोर्टलंड गावात स्मिथ कोरोना ही जुनी टाइपरायटर कंपनी होती. तिच्या तक्रारीवरून १९८० साली जपानी पोर्टेबल इलेक्ट्रिक टाइपरायटरांवर ड्युटी लागली. ब्रदरसाठी ती ४८ टक्क्यांहून अधिक होती. नंतर ब्रदरने टेनेसीतल्या बार्टलेटमध्ये कारखाना काढला. १९८८ साली अमेरिकन काँग्रेसने पळवाटा बुजवणारी कलमं कायद्यात घातली. भाग आणून अमेरिकेत जोडणं, तिसऱ्या देशात जोडणं, वस्तूत किरकोळ फेरफार करणं, या सगळ्यांचा त्यांत बंदोबस्त होता. भागांची किंमत आणि तयार मालाची किंमत यांत फरक थोडाच असेल, तर ड्युटी तयार मालालाही लागू करता येणार होती. बार्टलेटच्या कारखान्याविरुद्ध स्मिथ कोरोनाने याच कलमांचा आधार घेतला, पण १९९१ साली अमेरिकेच्या व्यापार खात्याने तिचं म्हणणं फेटाळलं.

याच वर्षी गाडी उलटी फिरली. स्मिथ कोरोना स्वतः सिंगापूरमध्ये टाइपरायटर बनवून अमेरिकेत आणत होती. ब्रदरने त्या यंत्रांविरुद्ध डम्पिंगची तक्रार केली. म्हणजे टेनेसीतली जपानी कंपनी ‘स्थानिक उद्योग’ म्हणून उभी राहिली आणि न्यूयॉर्कची जुनी अमेरिकन कंपनी ‘आयात करणारी’ ठरली. शिवाय त्या अमेरिकन कंपनीचे जवळजवळ निम्मे शेअर हॅन्सन या ब्रिटिश समूहाकडे होते! तुमचा कारखाना म्हणजे नुसती जोडणी, तुम्हाला स्थानिक उद्योगाच्या वतीने बोलता येणार नाही, असं व्यापार खात्याने ब्रदरला सांगितलं. १९९२ साली न्यायालयाने तो निर्णय उलटवला.

त्याच वर्षी, जुलैमध्ये, स्मिथ कोरोनाने जाहीर केलं, की कोर्टलंडमधलं उत्पादन मेक्सिकोत टिहुआनाला हलवणार. ८७५ नोकऱ्या गेल्या. ज्या कामगारांच्या नावाने बारा वर्षं खटले चालले, त्यांचं काम शेवटी त्यांच्याच कंपनीने बाहेर नेलं. अर्थात खटले सगळेच हरले असते किंवा जिंकले असते, तरी संगणक येतच होता. १९९५ साली कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

पळवाटांबाबत जगभर एकच नियम असावा, असा प्रयत्न उरुग्वे फेरीत झाला. एकमत झालं नाही. १९९४ साली विषय समितीकडे सोपवला गेला आणि देशोदेशींचे नियम वेगवेगळे राहिले. युरोपने तिसऱ्या देशातल्या जोडणीसाठी आकडे घातले : ड्युटी असलेल्या देशाचे भाग ६० टक्के किंवा अधिक असतील तर पळवाट, पण जोडणीत आणलेल्या भागांवर पडलेली भर उत्पादन खर्चाच्या २५ टक्क्यांहून जास्त असेल तर सुटका. भारताने २०१२ साली आपल्या नियमांत अशी तरतूद केली. २०२३ साली अमेरिकेने चौकशीअंती ठरवलं, की कंबोडिया, मलेशिया, थायलंड आणि व्हिएतनाममधून येणारे काही कंपन्यांचे सौर पॅनेल चिनी मालावरची ड्युटी चुकवत होते. वस्तू बदलली, पण प्रश्न गीसनच्या कस्टम कार्यालयातलाच राहिला.

या नियमांची गरज नाही असं मला म्हणायचं नाही. पळवाट उघडी ठेवायची असेल तर ड्युटी लावण्यात अर्थच नाही. पण यातला प्रत्येक नियम वस्तूला तिचा पत्ता विचारतो. भाग कुठले, जोडणी कुठे, भर किती टक्के? ते काम करणाऱ्यांचं पुढे काय होणार, हे तो विचारत नाही, आणि त्याला विचारताही येत नाही. आज एखाद्या ड्युटीमुळे अमुक इतक्या नोकऱ्या वाचतील असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर पुढचा प्रश्न जरूर विचारा : वाचतील त्या कोणत्या गावात, आणि किती वर्षं? कोर्टलंडच्या लोकांना त्याचं उत्तर बारा वर्षांनी मिळालं.